जर्मनमावशींची डोंगरी पलटण

जर्मनमावशी कुठलंही वाक्य आधी मराठीत बोलून बघितल्याशिवाय इंग्रजीत उतरवत नसत. आणि बोलायला त्यांना समोर जिवंत माणूस लागे. त्यामुळे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, भाज्या निवडता निवडता, एका जर्मन डोंगरी डिव्हिजनचं अख्खं दुसरं महायुद्ध मी मराठीतून ऐकलेलं आहे. पोलंड पडलं तेव्हा मी गवार मोडत होते. कॉकेशसचे घाट चढले तेव्हा पुढ्यात मेथी होती. हे सांगितलं की लोक हसतात. मीही पहिले काही महिने हसतच होते.

त्यांचं खरं नाव शालिनी लिमये. पुण्यात ज्या काळात मुलीनं कॉलेज सुटलं की थेट घरी यायचं असे, त्या काळात त्यांनी वडिलांशी भांडून संध्याकाळचा जर्मनचा वर्ग लावला. पुढे स्कॉलरशिप मिळवून वर्षभर जर्मनीत राहून आल्या. पुण्यात दर दोन घरांमागे एकजण जर्मन शिकलेला असतो अशी आम्ही सांगलीवाले चेष्टा करतो, पण मावशींचं प्रकरण चेष्टेतलं नव्हतं. “या भाषेनं मला घराबाहेर काढलं गं,” असं त्या म्हणत, आणि माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तशा जर्मनबद्दल बोलत. काका इंजिनिअर, सुरुवातीच्या काळात अमेरिकेत आलेले, आता रिटायर होऊन पेपर वाचत बसलेले. मावशी घरी बसून यंत्रांची मॅन्युअल्स, जन्मदाखले, पेटंटचे कागद असली भाषांतरं करत. रविवारी मराठी मंडळाच्या शाळेत मुलांना मराठी शिकवत.

मी लग्न होऊन आले ती भर जानेवारीत. नवरा पहाटेची ट्रेन पकडून शिकागोला जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. मला ना गाडी चालवता येत होती, ना नोकरी करायची परवानगी होती. एकदा पत्रपेटीपर्यंत जायचं म्हणून मी साडीवर नवऱ्याचा कोट चढवला आणि पायात चपला घालून बर्फात उतरले. शेजारून जाणारी एक गाडी थांबली, काच खाली झाली. “सांगली की कोल्हापूर?” आतल्या बाईंनी विचारलं. मी सांगली म्हटलं. “वाटलंच. पुण्याची असतीस तर बूट मिळेपर्यंत नवऱ्याला पत्रं आणायला लावली असतीस. बस आत.” मी बसले ती पुढची सहा-सात वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरातून उठलेच नाही म्हणा ना.

हे पुस्तक त्यांच्याकडे आणलं लुडविगआजोबांनी. आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. तेव्हाच्या चाळीस वर्षं आधी जर्मनीतून आले, शिकागोत लाकडी कपाटं करायचं दुकान चालवलं, म्हातारपणी मुलीकडे, इंग्रिडकडे, नेपरव्हिलला राहायला आले. तरुणपणी ते त्या डोंगरी डिव्हिजनमध्ये लेफ्टनंट होते, खेचरांच्या तांड्यावर. या डिव्हिजनचं सगळं काम खेचरांवर. तोफा सुट्या करायच्या, खेचरांच्या पाठीवर लादायच्या, डोंगर चढवायच्या, वर गेल्यावर पुन्हा जोडायच्या. पोलंडपासून कॉकेशसपर्यंत, तिथून बाल्कन, ग्रीस, आणि शेवटी ऑस्ट्रियात शरणागती, असा सगळा इतिहास आजोबांनी जर्मनमध्ये टाइप करून ठेवला होता. नातवंडांना जर्मन येत नव्हतं. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलेलं. लायब्ररीतल्या कुणीतरी मावशींचं नाव सुचवलं आणि आजोबा दारात येऊन उभे राहिले. “मी काय केलं ते मुलांना कळलं पाहिजे,” ते म्हणाले. मावशींनी हे वाक्य शब्दशः घेतलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

आजोबा पंधरा दिवसांनी एकदा पुढची पानं घेऊन येत. गॅरेजमध्ये बूट काढून भिंतीला समांतर लावत, मावशींना “फ्राउ लिमये” म्हणून मान लववत आणि थालीपीठ काट्या-चमच्यानं खात. एकदा मी आले तर ओट्याखाली फक्त त्यांचे पाय दिसत होते. मावशींचा एक ड्रॉवर वर्षानुवर्षं अडकायचा, तो कुणी न सांगता ते दुरुस्त करत होते. असा माणूस कुणाला आवडणार नाही? मला आवडायचे. मावशींना तर फारच, कारण त्यांच्याशी तासन्‌तास जर्मन बोलता यायचं आणि जाताना ते सांगायचे की फ्राउ लिमयेंची जर्मन आमच्या इंग्रिडपेक्षा चांगली आहे.

ते गेले की मावशी पानं घेऊन बसत आणि मी सुरी घेऊन. एक परिच्छेद मनात वाचायचा, मग डोळे वर करून मला मराठीत सांगायचा. मी मध्येच काही विचारलं की त्या खूश होत. “मराठीत खोटं बोलता येत नाही असं काही नाही,” त्या म्हणत, “पण माझ्या तोंडून निघताना ते मला ऐकू येतं. जर्मनमध्ये नाही येत. जर्मन मला अजून फार छान वाटते ना.” एखादी खिंड कशी ओलांडली, धुक्यात दोराला दोर बांधून माणसं कशी चालली, हे ऐकताना मला सह्याद्रीच दिसायला लागायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, “म्हणजे आपले मावळेच की हे.”

मावशींनी पानं खाली ठेवली. “मावळे आपल्या डोंगरात लढले. हे लोकांच्या डोंगरात कशाला गेले होते, ते आधी विचार.” एवढं बोलून पुढचा परिच्छेद सुरू केला. मी गुपचूप कांदा चिरला.

पुस्तकात आम्हा सगळ्यांची लाडकी होती लीझल. लीझल म्हणजे खेचर. ग्रीसच्या प्रकरणात ती अचानक अवतरते आणि शेवटपर्यंत आजोबांबरोबर राहते. लाकडी पूल दिसला की लीझल पाय रोवून उभी. मग आजोबांनी गाणं म्हणायचं, तेव्हा कुठे बाईसाहेब पाऊल टाकणार. एका मेजरची टोपी तिनं खाल्ली होती. मावशींनी या गोष्टी रविवारच्या शाळेत मुलांना सांगितल्या. मुलं एरवी मराठी म्हटलं की तोंड फिरवायची, ती “मावशी, वन मोअर लीझल स्टोरी” म्हणून पदराला लोंबकळायला लागली. मावशी अट घालत, प्रश्न मराठीत विचारायचा. लीझलपायी आमच्या नेपरव्हिलची आठ-दहा पोरं चार वाक्यं धड मराठी बोलायला शिकली.

लीझलबद्दलचा प्रश्न मी विचारला, तोही सहज. ग्रीसचं प्रकरण दुसऱ्यांदा ऐकत होते. आदल्या पानावर आजोबांची दोन खेचरं दरीत पडून मेलेली, पुढच्या पानावर लीझल पाठीवर सामान घेऊन चाललेली. “मावशी, ही आली कुठून?” मी म्हटलं.

मावशींनी मागचं पान काढलं. पुन्हा पुढचं काढलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली. मग म्हणाल्या, “बघ, मी हे जर्मनमध्ये चारदा वाचलं. मला दिसलं नाही.” दोन पानांच्या मध्ये काही दिवस गायब होते. अख्ख्या पुस्तकात हवा कशी होती, रसद किती आली, सगळं दिवसागणिक लिहिणाऱ्या माणसानं तेवढेच दिवस गाळले होते.

पुढच्या खेपेला मावशींनी आजोबांना विचारलं. मी तिथंच होते. जर्मन मला कळत नाही, पण माणूस कळतो. आजोबांनी थालीपीठाचा तुकडा तोडला, खाल्ला, रुमालानं तोंड पुसलं आणि दोन शब्द बोलले. ते गेल्यावर मावशींनी सांगितलं, “युद्धात जनावरं येतात आणि जातात, म्हणाला.” त्या दिवसापासून भाषांतर थांबलं. मावशींनी आजोबांना स्वच्छ सांगितलं की मधले दिवस लिहून आणा, मग पुढे जाऊ. भोक असलेलं पुस्तक मी मुलांच्या हातात देणार नाही, असं त्या म्हणाल्या. ग्रीसमध्ये, बाल्कनमध्ये अशा पलटणींनी गावंच्या गावं कशी जाळली, हे लायब्ररीतल्या पुस्तकांमधून त्यांना माहीत होतं. आजोबा म्हणाले, विचार करतो. पंधरा दिवसांनी आले ते नुसतेच, पानं नव्हती. त्याच्या पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच. मावशी त्यांना खायला घालायच्या, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि पुस्तकाचं नाव काढायच्या नाहीत. ते गेले की मात्र ओट्याशी उभ्या राहून म्हणायच्या, “वैजू, हा असाच मरून जाईल गं. आणि मुलांना टोपी खाणारं खेचर तेवढं माहीत असेल.” मावशींना रडताना मी कधी पाहिलं नाही, पण त्या दिवसांत त्यांचं जेवण कमी झालं होतं.

नेमकं याच सुमारास आमच्या मंडळाला काय सुचावं? फेब्रुवारी आला, शिवजयंती जवळ आली. आमचे अध्यक्ष देसाई उत्साही माणूस. दर वर्षी तेच ते होतं, पोवाडा, मुलांचं नाटुकलं, श्रीखंड, घरोघरून पदार्थ आणलेलं पॉटलक. यंदा काहीतरी वेगळं करू. मुलांकडून त्यांना लीझल कळली, लीझलवरून आजोबा कळले. डोंगरात लढलेला खराखुरा सैनिक आपल्याच गावात राहतो म्हटल्यावर देसाईंना राहवेना. आजोबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं आणि ‘जर्मन मावळा’ म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असं ठरलं. कमिटीत कुणालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. जगाच्या पाठीवर शिवजयंतीला हिटलरच्या सैन्यातला माणूस सन्मानानं बोलवण्याची बुद्धी फक्त आम्हा मराठी माणसांनाच होऊ शकते. माझा नवराही त्या कमिटीत होता, म्हणून हे मी घरचं सांगतेय.

मावशी देसाईंच्या घरी गेल्या. मलाही नेलं. “अहो देसाई, तो कुणाच्या बाजूनं लढला ते तरी विचारलंत का?”

“मावशी, ते पॉलिटिक्स झालं,” देसाई म्हणाले. “आपण फक्त युद्धकला घेऊ. गनिमी कावा, डोंगर, बस. मुलांना इन्स्पिरेशन मिळेल.”

“इन्स्पिरेशन,” मावशी म्हणाल्या आणि उठल्या. तिथून आजोबांकडे गेल्या, नाही म्हणा म्हणून सांगायला. तर आजोबांनी कोट ड्रायक्लीनला टाकलेला. अमेरिकेत इतकी वर्षं राहून ‘तुम्ही युद्धात काय केलंत’ असं त्यांना कौतुकानं कुणी विचारलेलंच नव्हतं. म्हातारा हरखून गेला होता. मावशींच्या तोंडून ‘नाही म्हणा’ निघेना. परत येताना गाडीत म्हणाल्या, “दुभाषी मीच होईन. दुसरं कुणी उभं राहिलं तर गोड करून सांगेल.”

शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम होता. बाहेर बर्फ, दारात ओल्या बुटांचा ढीग, मागच्या टेबलांवर फॉइलच्या ट्रेमध्ये पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. पुठ्ठ्याचा किल्ला केला होता. पहिल्या रांगेत मावशींच्या शाळेतली मुलं फेटे बांधून, काजळाच्या मिशा काढून बसली होती. आजोबांनी स्टेजवर बसून सगळ्यांना मान लववली. देसाईंनी शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. मग देसाईंचं भाषण सुरू झालं. मावशी आजोबांच्या शेजारी बसून त्यांच्या कानात जर्मन सांगत होत्या.

देसाई बोलतात चांगलं, आणि त्या दिवशी तर रंगातच आले होते. महाराजांच्या सैन्याला सक्त ताकीद होती, ते म्हणाले, की रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावायचा नाही. गरिबाच्या गोठ्यातलं जनावर सोडून न्यायचं नाही, आयाबहिणींना धक्का लागू द्यायचा नाही. हे पाळणारा तो मावळा. आणि असाच एक डोंगरातला मावळा, देश वेगळा, भाषा वेगळी, पण धर्म सैनिकाचा, आज आपल्यामध्ये बसला आहे. टाळ्या पडल्या. मावशींचे ओठ हलत होते. हे त्या सौम्य करून सांगू शकल्या असत्या, गाळूही शकल्या असत्या. कुणाला कळणार होतं? पण मी त्यांना ओळखत होते. जनावर, गोठा, आयाबहिणी, सगळं जसंच्या तसं त्या कानात गेलं असणार.

आजोबांनी मान वळवून मावशींना काहीतरी विचारलं. मावशींनी उत्तर दिलं. आजोबांनी पुन्हा विचारलं. हे बोलणं मावशींनी मला नंतर सांगितलं. ते म्हणाले, “हे तो माझ्याबद्दल बोलतो आहे?” मावशी म्हणाल्या, “हो.” ते म्हणाले, “तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?” आणि मावशी म्हणाल्या, “तुम्ही मलाच अजून सांगितलेलं नाही.”

आजोबा उठले. माइकशी आले आणि जर्मनमध्ये बोलायला लागले. एरवी चारचौघांत ते इंग्रजी बोलत, पण त्या दिवशी ते त्यांच्या तोंडात आलंच नाही. एक वाक्य बोलून ते थांबत आणि मावशी ते मराठीत सांगत. माझ्या आठवणीप्रमाणे ते असं होतं. “ग्रीसमध्ये आम्ही सकाळी एका गावात गेलो. आदल्या दिवशी त्या भागात आमच्यावर गोळीबार झाला होता. गावात म्हातारे होते, बायका आणि मुलं होती. गाव संपवायचा हुकूम होता. मला वेगळा हुकूम होता. आधी जनावरं बाहेर काढायची, मला जनावरांची गरज होती.”

देसाई मावशींच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, “मावशी, राहू दे, मुलं आहेत.” मावशींनी समोर फेटे बांधलेल्या पोरांकडे एकवार पाहिलं. मग आजोबांकडे बघून मान हलवली, बोला म्हणून.

“एका बाईनं खेचराची दोरी धरली होती. ती सोडेना. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. मग खेचर घेऊन डोंगर उतरलो. ती वर राहिली. वर काय होणार ते मला माहीत होतं. तिला वाचवता आलं असतं का, मला माहीत नाही. मी प्रयत्न केला नाही. मी खेचर वाचवलं.”

मावशींचा आवाज कुठेही चढला नाही की चिरकला नाही. हॉलमध्ये मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. एका आईनं उठून आपल्या मुलाला हाताला धरून बाहेर नेलं. आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी, काजळाच्या मिशा असलेली, मोठ्यानं म्हणाली, “मावशी, इज दॅट लीझल?” आजोबांना ते इंग्रजी कळलं. “येस,” ते म्हणाले. शाल काढून त्यांनी नीट घडी घातली, वर नारळ ठेवला, दोन्ही देसाईंच्या हातात दिलं आणि स्टेजवरून उतरले. मावशी त्यांचा कोट घेऊन मागोमाग गेल्या. त्या मुक्या जनावरावर आम्ही केवढं प्रेम केलं होतं.

मंडळात यावरून रणकंदन झालं. कार्यक्रमाची वाट लावली, महाराजांच्या जयंतीला असलं काही ऐकवलं, मुलांना रात्री झोप लागत नाही. राग आजोबांवर नव्हताच, सगळा मावशींवर होता. त्यांनी ‘थँक यू’ एवढंच भाषांतर करायला काय हरकत होती, असं एकजण म्हणाला. शॉमबर्गहून येणारे वासनिक म्हणून एक नागपूरकर होते, ते एकटे मीटिंगमध्ये उभे राहिले. “पाहुणा खरं बोलला, बाई खरं बोलल्या,” ते म्हणाले. “खोटं आपण बोललो, शाल घालून. तर चूक कोणाची धरायची, सांगा ना.” देसाईंनी पुढचा विषय घेतला. पण पुढच्या रविवारी मावशींच्या वर्गात तीनच मुलं आली. मावशींनी तिघांना शिकवलं. मावशींना फार लागलं होतं ते. माझ्याशी बोलताना ‘माझी पोरं’ म्हणता म्हणता थांबल्या होत्या.

आजोबा किती तरी दिवस फिरकले नाहीत. काका म्हणत, फोन कर, तर मावशी म्हणत, “नाही करणार. एकदा तोंडातून निघालंय, आता त्याचं त्याला लिहू दे.” बर्फ वितळून रस्त्याकडेला चिखल झाला तेव्हा ते आले. बूट काढले, भिंतीला समांतर लावले आणि नवी पानं टेबलावर ठेवली. त्यांना चढउतार झेपत नव्हता, ओठ निळसर दिसत होते. पण पानं पुरी होती.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला बोलावलं. मी म्हटलं, “मावशी, मला नाही ऐकायचं ते. हॉलमध्ये ऐकलं तेवढं पुरे.” त्या म्हणाल्या, “अगं, ऐकायला कुणीतरी लागतं.” मग बसले. त्या दिवशी हातात भाजी घेतली नाही. मावशींनी ते प्रकरण सावकाश मराठीत सांगितलं, आणि दोरीपाशी आल्यावर थांबल्या. “बाई, बाई, काय हे. खेचराला नाव आहे.” त्यांनी तिथल्या तिथे आजोबांना फोन लावला. त्या बाईचं नाव काय होतं? आजोबांना माहीत नव्हतं. मावशी पेन हातात घेऊन, रिसीव्हर धरून उभ्या होत्या. शेवटी आजोबा म्हणाले, तिथे जागा सोडा. कोरी जागा ठेवा.

जर्मनीत त्या डिव्हिजनच्या जुन्या सैनिकांची एक संघटना होती. त्यांनी पुस्तकासाठी फोटो द्यायचं कबूल केलं होतं. नवीन प्रकरण वाचून त्यांनी फोटो परत मागवले आणि आजोबांशी संबंध तोडला. छापायला तयार असलेला माणूसही त्यांच्यातलाच, तो मागे सरला. इंग्रिड आधी चिडली, पपांना आता हे उकरून काय मिळणार म्हणून. मग कॉपीच्या दुकानात जाऊन तिनंच प्रती काढून आणल्या, स्प्रिंग घातलेल्या, नातवंडांपुरत्या. आजोबांना एवढंच हवं होतं. प्रती हातात पडल्या आणि त्याच उन्हाळ्यात ते गेले.

मावशी आणि काका पुढे मुलाकडे अर्विंगला राहायला गेले. मावशी तिथेच वारल्या. मी आता हॉस्पिटलमध्ये दुभाषी म्हणून काम करते. आपल्याकडून आलेले आईवडील आजारी पडले की मला बोलावतात. व्हरांड्यात मुलगा हळूच सांगतो, त्यांना कॅन्सर म्हणू नका. मी त्याला सांगते, बाबा रे, डॉक्टर जे बोलतील ते मी बोलणार, तुला काही गाळायचं असेल तर ते डॉक्टरांशी बोल. मुलगे रागावतात. मला मावशींची फार आठवण येते अशा वेळी, आणि आठवतात त्या नेहमी चर्चमधल्या.

आजोबांच्या अंत्यविधीला त्यांच्या थोरल्या नातीनं, अ‍ॅनानं, पुस्तकातलं वाचायचं ठरवलं होतं. कॉलेजात जाणारी मुलगी. सगळ्यांना वाटलं, ती लीझलची टोपी खाण्याची गोष्ट वाचणार. आत जाण्यापूर्वी ती मावशींपाशी आली आणि पान उघडून बोट ठेवलं. “हे कसं वाचू?” तिनं विचारलं. बोट कोऱ्या जागेवर होतं.

“वाचायचं नाही,” मावशी म्हणाल्या. “थांबायचं.”

“किती वेळ?”

“लोक अस्वस्थ होईपर्यंत.”

अ‍ॅना उभी राहिली आणि वाचू लागली. सकाळ, गाव, हुकूम, गोठे. मग ती म्हणाली, “दोरी धरून उभ्या असलेल्या त्या बाईचं नाव,” आणि थांबली. लोकांना वाटलं, हुंदका आला असेल. कुणीतरी खोकलं. इंग्रिड अर्धी उठली, लेकीला सावरायला, आणि पुन्हा बसली. अ‍ॅना मान वर करून आमच्याकडे बघत राहिली. माझ्या शेजारी मावशी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होत्या, अगदी हळू, मला ऐकू येईना. बाकांवर सगळीकडे चुळबुळ सुरू झाली. तेव्हा अ‍ॅनानं मान खाली घातली आणि पुढचं वाचलं.

“मी तिला विचारलं नाही. मी खेचर घेऊन खाली आलो.”